न्यू जर्सीत कुठलं तिकीट मूव्हिंग व्हायोलेशन म्हणून धरायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं असेल तर सांगा. तुम्ही एडिसनला राहता, एच-वन-बी वर आहात, ग्रीन कार्डचं काम चालू आहे. कार इन्शुरन्सची कंपनी बदलायचीय आणि नव्या कंपनीच्या फॉर्मवर "गेल्या ३ वर्षांतली मूव्हिंग व्हायोलेशन्स" (ढोबळमानाने, गाडी चालवताना मोडलेले नियम) असा रकाना आहे. तुमच्याकडे जमलेली तिकिटं अशी: दीड वर्षापूर्वी स्टॉप साईनला नीट न थांबल्याचं, तीन महिन्यांपूर्वी हातात फोन धरल्याचं (ही दोन्ही ऑनलाइन भरून टाकलीत), मागच्या महिन्यात गार्डन स्टेट पार्कवेवर ६५ च्या झोनमध्ये ८४ चं, ज्याची कोर्टाची तारीख अजून यायचीय, शिवाय न्यूयॉर्क सिटीच्या स्पीड कॅमेऱ्याचं पोस्टाने आलेलं एक, जर्सी सिटीतलं पार्किंगचं एक आणि ईझी-पासची, म्हणजे टोलची, एक नोटीस. आणि ऑफिसमधल्या कुणीतरी सांगितलंय की कोर्टात प्रॉसिक्युटरकडून, म्हणजे सरकारी वकिलाकडून, स्पीडिंगचं "अनसेफ ड्रायव्हिंग" करून घे, शून्य पॉइंट आहेत, म्हणजे ते मोजतच नाहीत.

मी इथल्या म्युनिसिपल कोर्टांमध्ये ट्रॅफिकच्या केसेस बरीच वर्षं बघतेय आणि आपल्याकडच्या लोकांचा गोंधळ बहुतेक वेळा ह्याच जागी झालेला असतो. सगळे विचारतात की "हे मूव्हिंग आहे का?", जणू त्याची कुठेतरी एकच यादी आहे आणि त्यात तिकीट बसलं की बसलं. तशी एक यादी नाहीये. तिकीट एकच असतं पण ते मोजणारे तीन-चार जण वेगवेगळे, आणि प्रत्येकाचं मोजायचं माप वेगळं. मोटर व्हेइकल कमिशन म्हणजे एमव्हीसी (लायसन्स देणारं इथलं सरकारी खातं) तुमच्या नावावर लागलेले पॉइंट मोजते, इन्शुरन्स कंपनी स्वतःच्या हिशोबाने मोजते, इमिग्रेशनवाले तिसरंच काहीतरी बघतात. त्यामुळे "हे मोजतात का" ह्याच्या आधी "कोण मोजतंय" हे विचारा.

आता तिकीट हातात घ्या. वर इंग्रजीत काय वर्णन लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि कलमाचा आकडा शोधा, ३९ ने सुरू होणारा. स्पीडिंगला ३९:४-९८ असेल, स्टॉप साईनला ३९:४-१४४, फोनला ३९:४-९७.३. सगळं ह्या आकड्यावर चालतं, पोलिसाने हाताने काय लिहिलं त्यावर नाही. एमव्हीसीचा पॉइंटांचा तक्ता ह्याच कलमांवरून बनलेला आहे आणि जे कलम तक्त्यात नाही त्याला पॉइंट नाहीत, इतकं सरळ आहे. त्याच कागदावर कोर्टात हजर राहणं सक्तीचं आहे की नाही ह्याचाही चौकोन असतो, तोही आत्ताच बघून ठेवा, कारण त्यावर टिक असेल तर नुसते पैसे भरून सुटका नाही.

तक्त्यातले काही आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. लिमिटच्या वर १ ते १४ मैल असेल तर २ पॉइंट, १५ ते २९ असेल तर ४, ३० आणि त्यापुढे ५. स्टॉप साईन किंवा सिग्नल मोडला तर २. केअरलेस ड्रायव्हिंग २, रेकलेस ५. आणि लोकांना ज्याचं आश्चर्य वाटतं ते म्हणजे पुढच्या गाडीला चिकटून चालवणं, टेलगेटिंग, त्याला ५ पॉइंट आहेत, म्हणजे वीस मैल जास्त वेगाने जाण्यापेक्षाही जास्त. थांबलेल्या स्कूल बसला ओलांडून गेलात तरी ५. तुमचं पार्कवेचं तिकीट १९ मैल जास्तीचं, म्हणजे ४ पॉइंट, आणि ६५ च्या झोनमध्ये १० मैल किंवा त्याहून जास्त वर असाल तर दंड दुप्पट, हेही लक्षात असू द्या.

ज्यांना पॉइंट नाहीत अशीही बरीच कलमं आहेत आणि त्यातली काही तर गाडी चालू असतानाचीच आहेत. सीट बेल्ट न लावणं, ४६ डॉलर दंड, पॉइंट शून्य. दिवा बंद असणं, काचेवर गडद फिल्म, नंबर प्लेट नीट न दिसणं, ह्यांनाही पॉइंट नाहीत. पार्किंगला अर्थातच नाहीत. फोनचं कलम जरा वेगळं आहे. पहिल्या वेळी दंड २०० ते ४०० डॉलर, दुसऱ्या वेळी ४०० ते ६००, आणि ह्या दोन्ही वेळी एमव्हीसीचे पॉइंट नाहीत, इन्शुरन्सचे एलिजिबिलिटी पॉइंटही (ड्रायव्हर किती जोखमीचा हे इन्शुरन्ससाठी मोजायचे वेगळे पॉइंट) द्यायचे नाहीत असं कायद्यातच लिहिलंय. तिसऱ्या वेळी मात्र ६०० ते ८०० दंड, ३ पॉइंट, आणि जजने ठरवलं तर ९० दिवस लायसन्स सस्पेंड. मधे दहा वर्षं गेली असतील तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तर तुमच्या फोनच्या तिकिटाला पॉइंट नाहीत पण ते तुमच्या नावावर पहिलं म्हणून लागलेलं आहे, आणि गाडीत फोन हातात घ्यायची सवय आत्ताच सोडा हे मी अगदी मनापासून सांगतेय, कारण दुसरं आणि तिसरं कधी येतं ते कळतही नाही.

आता त्या "शून्य पॉइंट म्हणजे मोजत नाहीत" ह्या समजुतीबद्दल सविस्तर लिहिते, कारण नुकसान इथेच होतं.

अनसेफ ड्रायव्हिंगचं कलम ३९:४-९७.२. पहिल्या दोन वेळा शून्य पॉइंट, तिसऱ्यांदा ४ पॉइंट, फक्त आधीचं पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते ४ लागत नाहीत. पहिल्या वेळी दंड ५० ते १५० डॉलर, पण त्यावर २५० डॉलरचा वेगळा सरचार्ज, कोर्टाचा खर्च धरून आकडा सहज चारशेच्या घरात जातो. सरकारला जास्त पैसे मिळतात, तुम्हाला पॉइंट लागत नाहीत, कोर्टाची केस लवकर संपते, म्हणून हा रस्ता इतका वापरला जातो. पण ते तिकीट गाडी चालवण्याबद्दलचंच आहे आणि तुमच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर उमटतंच. इन्शुरन्स कंपनीने तुमचा रेकॉर्ड मागवला की तिला ती ओळ दिसते. ती ओळ बघून प्रीमियम वाढवायचा की नाही हे कंपनी-कंपनीवर आहे. माझ्या क्लायंटांपैकी काहींना काहीच फरक पडला नाही, काहींची चांगल्या ड्रायव्हरची सूट गेली. त्यामुळे फॉर्मवर "मूव्हिंग व्हायोलेशन" विचारलं असेल तर अनसेफ ड्रायव्हिंग लिहायचं. पॉइंट नाहीत म्हणून वगळलं आणि कंपनीला रेकॉर्डवर दिसलं तर पुढे क्लेमच्या वेळी "तुम्ही माहिती लपवली" हा वाद निघतो आणि तो चारशे डॉलरपेक्षा फार महागात पडतो.

पॉइंट आणि गांभीर्य ह्यांचा संबंध किती सैल आहे ते बघायचं असेल तर दारू पिऊन चालवण्याची केस बघा. न्यू जर्सीत त्याला एमव्हीसीचा एकही पॉइंट नाही. पण पहिल्याच वेळी सरचार्ज वर्षाला १००० डॉलर, तीन वर्षं, बाकी कोर्टाची शिक्षा वेगळी. इन्शुरन्स नसताना गाडी चालवली तर वर्षाला २५० डॉलर तीन वर्षं, तिथेही पॉइंट शून्य. म्हणून पॉइंटांचा तक्ता बघून "हे किरकोळ आहे" असं ठरवू नका.

मग तुम्ही अनसेफ ड्रायव्हिंग घ्यावं की नाही? इथे तुमच्या जुन्या स्टॉप साईनचा संबंध येतो आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. सलग १२ महिने एकही व्हायोलेशन आणि सस्पेन्शन नसेल तर एमव्हीसी ३ पॉइंट कमी करते. स्टॉप साईननंतर फोनच्या तिकिटापर्यंत तुमचं वर्ष स्वच्छ गेलंय, म्हणजे ते २ पॉइंट आता तुमच्या खात्यावर दिसत नसतील आणि तुम्हाला वाटेल की स्पीडिंगचे ४ लागले तरी एकूण ४ च. पण सरचार्जचा हिशोब वेगळा चालतो. ३६ महिन्यांत ६ किंवा जास्त पॉइंट झाले तर १५० डॉलर, आणि ६ च्या वर प्रत्येक पॉइंटला २५, आणि हा हिशोब करताना पॉइंट नंतर कमी झाले हे धरायचं नाही असं कायद्यात स्पष्ट आहे, म्हणजे मूळ २ अधिक ४, बरोब्बर ६. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करून २ पॉइंट कमी करता येतात, पाच वर्षांतून एकदा, तो जरूर करा, बऱ्याच पॉलिसींमध्ये सूटही मिळते, पण ह्या ६ च्या हिशोबात त्याचा उपयोग होत नाही. हे न समजल्यामुळे कोर्स करून निर्धास्त बसलेल्या आणि नंतर घरी सरचार्जचं बिल आलेल्या माणसांचे फोन मला नेहमी येतात.

म्हणून तुमच्यासाठी माझा कल अनसेफ ड्रायव्हिंगकडे आहे, जर हे तुमचं पहिलंच असेल तर. दुसरा पर्याय म्हणजे स्पीड कमी करून घेणं, १ ते १४ च्या आत, २ पॉइंट. मग एकूण ४ होतात, सरचार्ज लागत नाही, २५० पण वाचतात, आणि अनसेफ ड्रायव्हिंगची सवलत पुढे खरंच गरज पडली तर हाताशी राहते. पण इन्शुरन्सला मग सरळसरळ स्पीडिंगची ओळ दिसणार. कुठलं बरं हे तुमच्या कंपनीवर आणि तुम्ही वर्षभरात किती गाडी चालवता ह्यावर आहे. ज्याला रोज पार्कवेने पन्नास मैल जावं लागतं त्याला पुढचं तिकीट मिळण्याची शक्यता जास्त, त्याने अनसेफ ड्रायव्हिंग वाचवून ठेवण्यात अर्थ आहे. घरून काम करणाऱ्याला तितका नाही. आणि तुमची पत्नी त्याच पॉलिसीवर आहे असं तुम्ही लिहिलंय, तर वाढ झाली तर ती अख्ख्या घराच्या पॉलिसीवर दिसेल, फक्त तुमच्या नावापुढे नाही.

प्रॉसिक्युटर काय देईल हेही गृहीत धरू नका. तुमचा रेकॉर्ड त्यांच्यासमोर असतो, अपघात झाला होता का, शाळेजवळ किंवा रस्त्याचं काम चालू असलेल्या भागात होतात का, पोलिसाशी कसं बोललात हे सगळं येतं. तुमचं १९ मैल जास्तीचं आहे, अपघात नाही, जुनी दोनच छोटी तिकिटं, तर बोलणी होण्यासारखी केस आहे. ९० च्या वर असतात तर मी वेगळं लिहिलं असतं. (हे तुमच्या केसला लागू नाही पण वाचणाऱ्या कुणाला असेल म्हणून: तिकीट अपघाताचं असेल तर गुन्हा कबूल करताना जजकडे सिव्हिल रिझर्व्हेशन मागा, म्हणजे ती कबुली पुढे नुकसानभरपाईच्या दाव्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. मागितलं नाही तर आपणहून कुणी देत नाही.)

ऑनलाइन भरण्याबद्दल एक गोष्ट. महाराष्ट्रात ई-चलान गाडीच्या नंबरावर येतं, लोकअदालतीत थोडं कमी करून भरलं की विषय संपला, ही सवय आपल्या अंगात असते आणि इथेही माणूस रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडून ९० डॉलर भरून मोकळा होतो. इथे ते पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, गिल्टी प्ली. तुम्ही दोन्ही तिकिटं तशी भरलीत, म्हणजे ती दोन कन्व्हिक्शन्स आहेत. स्टॉप साईनचं कोर्टात नेलं असतं तर कदाचित शून्य पॉइंटवर आलं असतं, कदाचित नसतंही, आता त्याचा विचार करून उपयोग नाही. पण पार्कवेचं मात्र भरू नका, नॉट गिल्टी सांगा आणि तारीख घ्या. बऱ्याच कोर्टांच्या तारखा आता व्हिडिओवर होतात, सुट्टी टाकावी लागेलच असं नाही.

उरलेली तीन तिकिटं पटकन. जर्सी सिटीचं पार्किंग आणि ईझी-पासची नोटीस ह्या दोन्ही गाडी चालवण्याच्या पद्धतीबद्दल नाहीत, रेकॉर्डवर जात नाहीत, फॉर्ममध्ये लिहायच्या नाहीत, पण भरून टाका, थकवलं तर गाडीचं रजिस्ट्रेशन अडकू शकतं. न्यूयॉर्कच्या कॅमेऱ्याचं ५० डॉलरचं तिकीट गाडीच्या मालकावर असतं, चालवत कोण होतं ते कॅमेऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे पॉइंट नाहीत आणि तेही मोजायचं नाही. पण न्यूयॉर्कमध्ये पोलिसाने थांबवून दिलेलं स्पीडिंगचं तिकीट पूर्णपणे वेगळं, ते न्यू जर्सीला कळवलं जातं आणि आपल्या तक्त्यात दुसऱ्या राज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनला सरसकट २ पॉइंट आहेत, तिकडे कितीही असोत. आणि न्यूयॉर्क शहरात स्पीडिंगची केस ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोकडे जाते, तिथे वाटाघाटी नसतातच, एकतर गिल्टी नाहीतर सुनावणी. इथल्या अनुभवावर तिकडचा अंदाज बांधू नका.

दुसऱ्या राज्याचा विषय निघालाच आहे तर व्हर्जिनियाबद्दल कळकळीने सांगते. सुट्टीत वॉशिंग्टन आणि पुढे शेनान्डोआला जाणारे आपले लोक खूप. तिथे लिमिटच्या २० मैल वर किंवा कुठेही ८५ च्या वर गेलात तर ते रेकलेस ड्रायव्हिंग ठरतं आणि तो ट्रॅफिकचा साधा दंड नसून क्लास वन मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. ७० चा रस्ता, सगळे ८० ने चाललेत, तुम्ही ओव्हरटेक करताना ८६ झालात, आणि तुमच्या नावावर क्रिमिनल केस. पार्कवेवर ज्या वेगाला तुम्हाला ४ पॉइंट लागू शकतात त्याच्या दोन मैल वर तिथे ही परिस्थिती आहे. ते तिकीट कधीही नुसतं भरून टाकू नका, तिथल्या वकिलाशी बोलल्याशिवाय काहीच करू नका.

ह्यावरूनच तुमची इमिग्रेशनची काळजी. स्टॉप साईन, फोन, स्पीडिंग, अनसेफ ड्रायव्हिंग ह्या न्यू जर्सीच्या तिकिटांनी ग्रीन कार्ड अडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण फॉर्ममधला प्रश्न नीट वाचा. कधी "कन्व्हिक्टेड" विचारतात, कधी "साइटेड" किंवा "चार्ज्ड", आणि साइटेड म्हटलं की तिकीट मिळणं हेही त्यात येऊ शकतं, भले पुढे केस सुटली असेल. साध्या ट्रॅफिक दंडाची कागदपत्रं कधी जोडायची आणि कधी नाही ते फॉर्मच्या सूचनांमध्ये दिलेलं असतं, आणि दारू किंवा ड्रग्जची केस त्या सवलतीत बसत नाही. दारूच्या केसचं तर नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द करायचं धोरण स्टेट डिपार्टमेंटने २०१५ पासून ठेवलंय, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच. कोर्टाचे निकालपत्र, पावती, सगळं एका फाईलमध्ये जपून ठेवा आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलाला सगळी तिकिटं सांगा, त्यातलं काय महत्त्वाचं ते त्यांना ठरवू द्या.

तुमच्या घरात कुणाकडे कमर्शियल लायसन्स असेल किंवा कुणी उबर-लिफ्ट चालवत असेल तर मात्र हे सगळं बदलतं. ॲप-टॅक्सीच्या ड्रायव्हरसाठी न्यू जर्सीच्या कायद्यात ३ वर्षांत तीनपेक्षा जास्त मूव्हिंग व्हायोलेशन्स चालत नाहीत, तिथे पॉइंट नाही तर तिकिटांची संख्या मोजतात, म्हणजे शून्य पॉइंटचं अनसेफ ड्रायव्हिंगसुद्धा एक म्हणून धरलं जायचा धोका आहे. आणि ट्रकवाल्यांना १५ मैल जास्तीचं स्पीडिंग हे फेडरल नियमात "सीरियस", तशी दोन ३ वर्षांत झाली की ६० दिवस कमर्शियल गाडी चालवता येत नाही, आणि त्यांच्या बाबतीत तिकीट झाकण्यासाठी खालचं कलम देणंही फेडरल नियमाला मान्य नाही. अशांनी ऑफिसमधल्या मित्राचा सल्ला तर अजिबात घेऊ नये.

तर तुमच्या त्या रकान्यात आज काय लिहायचं: स्टॉप साईन, हो. फोनचं तिकीट, हो, एलिजिबिलिटी पॉइंट नसले तरी ते गाडी चालवतानाचं व्हायोलेशन आहे आणि रेकॉर्डवर आहे, लिहून टाका. पार्कवेचं अजून पेंडिंग आहे, त्यामुळे फॉर्म "कन्व्हिक्शन्स" विचारत असेल तर नाही, "तिकिटं मिळाली का" विचारत असेल तर पेंडिंग असं लिहून द्या. कॅमेरा, पार्किंग, ईझी-पास, नाही. आणि हे लिहायच्या आधी एमव्हीसीच्या साईटवरून स्वतःचा ड्रायव्हर हिस्टरी ॲब्स्ट्रॅक्ट काढा, १५ डॉलर लागतात, पाच वर्षांचा रेकॉर्ड येतो. कंपनीही साधारण तेच बघणार आहे. त्यात तारखा बघा, कधीकधी व्हायोलेशनची तारीख आणि कन्व्हिक्शनची तारीख ह्यात काही महिन्यांचं अंतर असतं आणि "गेल्या ३ वर्षांतली" हे कुठल्या तारखेपासून मोजायचं ते एजंटला स्पष्ट विचारून घ्या. तोच कागद पार्कवेच्या तारखेला कोर्टात बरोबर ठेवा, आणि अनसेफ ड्रायव्हिंग मान्य करायच्या आधी त्यावर जुनं ३९:४-९७.२ नाही ना, एवढं एकदा डोळ्याने बघा.